अवखळ तट्टू, मोकळं रिंगण आणि जमिनीवरचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुण आणि तेज तट्टू रिंगणात पहिल्यांदा मोकळं सोडलं की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर एक ते चार वर्षांचं, पाठीवर अजून कुणी न बसलेलं तट्टू आहे. जमिनीवरचं काम म्हणजे पाठीवर न बसता, शेजारी उभं राहून त्याला शिकवणं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत, नाल नसताना खांद्यापाशी १४८ सेंटीमीटरपर्यंत भरणाऱ्या घोड्याला पोनी म्हणतात. उंची कमी असली तरी वजन दोनशे-अडीचशे किलो असतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. मोठ्या घोड्याने केलं असतं तर कुणीच खपवून घेतलं नसतं असं वागणं तट्टाच्या बाबतीत ‘गोड’ म्हणून चालवून घेतलं जातं. बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच असतं.

रिंगणात सोडलं की आमचं तट्टू शेपूट वर करून उधळतं, दुगाण्या झाडतं. त्याला वाईट वळण लागलंय का?

नाही. दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात उभ्याने काढलेल्या तरुण जनावराला मोकळी जागा दिसली की ते धावणारच. मात्र धावणं तीन प्रकारचं असतं आणि ते ओळखता आलं पाहिजे.

आनंदाने धावणाऱ्या तट्टाचं शेपूट झेंड्यासारखं उभं असतं, मान कमानदार असते, नाकातून फुरफुर आवाज येतो. दुगाण्या झाडतं, पण हवेत, कुणावर रोखून नाही. चार-पाच फेऱ्यांत वेग आपोआप उतरतो, मग ते थांबून माती हुंगतं, बहुधा लोळतंही.

भ्यालेलं तट्टू वेगळं दिसतं. मान ताठ आणि वर, डोळ्याचं पांढरं दिसतं, शेपूट पुठ्ठ्याला घट्ट दाबलेलं. ते कुंपणाला चिकटून पळतं, बाहेर पडायला फट शोधतं, आणि तुम्ही हात खाली करून स्तब्ध उभे राहिलात तरी वेग उतरत नाही. अशा वेळी काहीही शिकवायला जाऊ नका. रिंगणाबाहेर या, त्याला श्वास घेऊ द्या, शक्य असेल तर एखादा शांत, वयस्क घोडा कुंपणाच्या पलीकडे दिसेल असा उभा करा.

तिसरा प्रकार दुखण्याचा. एकाच बाजूला वळताना दुगाणी, कँटर (दुडकीहून वेगवान, पण भरधाव नसलेली चाल) सुरू करतानाच कान मागे आणि शेपटाचे फटकारे, एका दिशेला दुडकी सहज पण दुसऱ्या दिशेला अडखळत. काल-परवापर्यंत असं नव्हतं आणि आज अचानक सुरू झालं, तर आधी पशुवैद्याला दाखवा. दुखणाऱ्या अंगाला शिस्त लावायला जाणं हा अन्याय आहे.

भरपूर पळवून दमवलं की शांत होईल ना? मग काम सोपं जाईल.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर मला सगळ्यांत कळकळीने द्यायचंय.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की जमलं. वीस मिनिटं पळवलं, घाम आला, मग निमूट चाललं. दुसऱ्या आठवड्यात पंचवीस मिनिटं लागतील. महिन्याभरात चाळीस. कारण रोज धावणाऱ्या जनावराचा दम वाढतो. तुम्ही त्याला शांत करत नसता, दमदार बनवत असता. दुसरीकडे कोवळ्या सांध्यांवर गोल फेऱ्यांचा ताण पडत राहतो, तो निराळाच.

मी स्वतः हे केलंय. एका अडीच वर्षांच्या तट्टाला मी पूर्ण एक उन्हाळा रोज सकाळी पळवत होतो. उन्हाळा संपला तेव्हा ते आधीपेक्षा वेगवान होतं, मला पाहिल्यावर आधीपेक्षा जास्त ताणलेलं असायचं, आणि रिंगणाच्या फाटकाशीच त्याचं अंग थरथरायला लागायचं. रिंगण म्हणजे पळण्याची जागा आणि मी म्हणजे पळवणारा माणूस, एवढंच ते शिकलं होतं. ते पुसायला मला पुढे वर्ष गेलं.

यामागचं कारण असं. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी. पळून जाणं हेच त्याचं मुख्य हत्यार. घाबरून पळाल्यावर सुटका झाली की ते पळणं फार लवकर आणि फार पक्कं ठसतं. घोड्यांच्या प्रशिक्षणाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्स’ या संस्थेच्या प्रशिक्षण-तत्त्वांतही घोड्याची घाबरून पळण्याची प्रतिक्रिया जागी होऊ देऊ नका, असं सांगितलं आहे. म्हणून मोकळं सोडताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आधी त्याचं त्याला खेळू द्या. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा, एकदाही हाकलू नका. अंगातली रग उतरली, त्याने तुमच्याकडे कान वळवला, की मग तुमचं काम सुरू. त्या कामात वेगाला किंमत नाही. वेग बदलता येणं, थांबता येणं, वळता येणं याला किंमत आहे.

कोणत्या वयापासून सुरू करावं?

मोकळं हिंडणं तर जन्मापासूनच हवं. हाकलून गोल फिरवण्याला मात्र थांबा.

हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो आणि तो वेगवेगळ्या वयात पक्का होतो. पायाच्या खालच्या भागात, खुराच्या वरच्या सांध्यालगत, तो पहिल्या वर्षातच बंद होतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरचा थर दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला. पाठीच्या मणक्यांचा सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांपर्यंत. म्हणजे बाहेरून भरलेलं, तयार दिसणारं दोन वर्षांचं तट्टू आतून अजून घडत असतं. सरळ रेषेत चालणं-धावणं त्याला मानवतं. लहान वर्तुळात पुन्हापुन्हा फिरताना आतल्या बाजूच्या पायांवर तिरका भार येतो.

माझा क्रम असा: वर्षाच्या शिंगराला नुसतं खेळू द्यायचं आणि पाच-दहा मिनिटं दोरीवर चालायला शिकवायचं. दुसऱ्या वर्षी मोठ्या रिंगणात थोडं मार्गदर्शन, तेही आठवड्यातून दोनदा. तीन वर्षांनंतर नियमित, पण छोटे धडे.

रिंगण केवढं हवं?

गोल कुंपण असेल तर १८ ते २० मीटर व्यासाचं. याहून लहान गोलात तरुण तट्टाला कँटर करायला लावू नका. आयताकृती रिंगण असेल तर सरावाचं नेहमीचं २० बाय ४० मीटरचं माप चांगलं. त्यात सरळ धावायला मिळतं हा मोठा फायदा. तोटा कोपऱ्यांचा: घाबरलेलं तट्टू कोपऱ्यात घुसतं, तिथे अडकतं आणि पुठ्ठा तुमच्याकडे करून उभं राहतं. चारही कोपऱ्यांत आडवे बांबू तिरके लावून कोपरे गोलाकार करून घ्या.

कुंपण तट्टाच्या छातीपेक्षा निश्चित उंच हवं आणि लांबून दिसणारं हवं. तारेचं कुंपण तर नकोच. उडीचे खांब, त्यांचे लोखंडी कप, बादल्या, दोऱ्या, सगळं आधी बाहेर काढा. जमीन पायाने उकरून बघा. वरवर वाळू आणि खाली दगडासारखं कठीण असेल तर जोराने थांबताना पाय घसरतो. वाळू घोट्याच्या वर रुतत असेल तर पायाचे स्नायुबंध (टेंडन) ताणले जातात. पावसानंतर निसरडं झालं असेल तर त्या दिवशी फक्त चालवा.

अंगावर काय ठेवायचं, काय काढायचं?

मोकळं सोडताना मोरखी (तोंडावर चढवायची, दोरी अडकवायची पट्टी) काढलेली बरी. मागच्या पायाने कान खाजवताना खूर मोरखीत अडकून मान मोडल्याचे प्रकार होतात. ठेवायचीच असेल तर ताण आल्यावर तुटेल अशी. लोंबती दोरी कधीच ठेवू नका. पाय एकमेकांवर आपटत असतील तर ब्रशिंग बूट घाला, पण ते आधी तबेल्यात घालून चालायची सवय करा. पहिल्याच दिवशी बूट आणि मोकळं रिंगण दोन्ही एकदम दिलं तर तट्टू बुटांपासूनच पळत सुटेल.

तुमच्यासाठी: घोडेस्वारीचं हेल्मेट, हातमोजे, बोटं झाकणारे भक्कम बूट. जमिनीवरच तर उभं राहायचंय, मग हेल्मेट कशाला, असं म्हणू नका. दुगाणी डोक्याच्या उंचीवर सहज येते.

दोरी सोडतानाच ते गरकन वळून लाथ मारतं. काय करू?

सोडण्याचा क्षण हा साऱ्या धड्यातला सर्वांत धोक्याचा, आणि त्यावर उपाय सोपा आहे. आत येऊन फाटक बंद करा. मग तट्टाला पूर्ण वळवून त्याचं तोंड फाटकाकडे करा. तुम्ही फाटक आणि तट्टू यांच्या मध्ये. थांबा. त्याने मान खाली घेऊन एक श्वास सोडेपर्यंत मोरखीला हात लावू नका. मग मोरखी उतरवा आणि तुम्हीच आधी दोन-तीन पावलं मागे सरका. आता त्याला पळायचं असेल तर आधी वळावं लागेल, आणि ते वळेपर्यंत तुम्ही टप्प्याबाहेर असाल.

मोरखी काढताना ‘चल पळ’ म्हणून पुठ्ठ्यावर थाप मारण्याची काहींना सवय असते. तिथूनच हे लाथ मारणं सुरू होतं. काही दिवस मोरखी काढून लगेच मानेला खाजवा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. मोरखी निघणं म्हणजे उधळणं, हे समीकरण मोडलं पाहिजे.

मी नेमकं कुठे उभं राहायचं?

खोगिराचा तंग बांधतात ती जागा लक्षात घ्या, खांद्याच्या किंचित मागे. तिथून तुमच्यापर्यंत एक रेघ ओढली आहे असं समजा. तुम्ही त्या रेघेच्या मागे, पुठ्ठ्याच्या दिशेला गेलात की तट्टू पुढे जातं. रेघेच्या पुढे, खांद्याकडे किंवा डोक्याकडे सरकलात की ते मंदावतं, थांबतं किंवा वळतं. सगळं मोकळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. एखाद-दुसरं पाऊल पुरतं. नवीन माणसं रिंगणभर धावत राहतात आणि तट्टाला काहीच कळत नाही, कारण माणूस सतत ओरडल्यासारखा हलत असतो.

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, साधारण ३५० अंश. फक्त थेट शेपटामागे आणि कपाळासमोर अगदी जवळ दिसत नाही. म्हणून तुमचा खांदा किती वळला, पोट कुणीकडे रोखलंय, नजर कुठे आहे, हे सगळं तो पाहत असतो. वेग वाढवायचा तर छाती पुठ्ठ्याकडे रोखा, पाठ ताठ करा. कमी करायचा तर खांदे सैल सोडा, नजर जमिनीवर घ्या, लांब श्वास सोडा. हे वाचताना साधं वाटतं. प्रत्यक्षात आपला श्वास रोखला गेलाय हे आपल्यालाच कळत नसतं; तट्टाला मात्र ते आधी कळतं.

दिशा बदलायची दोन प्रकारे. त्याच्या पुढची वाट आडवून कुंपणाकडे वळवता येतं, किंवा तुम्ही मागे सरकून जागा दिलीत तर ते तुमच्याकडे तोंड करून आतून वळतं. आतलं वळणं मला जास्त आवडतं, कारण त्यात पुठ्ठा तुमच्याकडे येत नाही आणि लक्ष तुमच्यावर राहतं. पण तट्टू दांडगट असेल, अंगावर येत असेल, तर त्याला आत बोलावू नका. आधी काही दिवस बाहेरूनच वळवा, भरपूर अंतर ठेवून.

चाबूक लागतोच का?

लांब चाबूक म्हणजे तुमचा लांबवलेला हात, एवढंच समजा. तो मारायला नाही. टोक जमिनीवर ठेवून धरा, गरज पडली तर पुठ्ठ्याच्या दिशेने उचला, तट्टू निघालं की लगेच खाली. चाबूक पाहून ते थरथरत असेल तर तो बाहेर ठेवा आणि दोरीच्या टोकाने किंवा नुसत्या हाताने काम करा. चाबकाने अंगभर हळुवार खाजवू देणारं तट्टू चाबकाच्या इशाऱ्याला जास्त चांगलं उत्तर देतं.

ते थेट माझ्या अंगावर धावून आलं. पळू का?

सरळ मागे पळू नका. ते तुमच्यापेक्षा वेगवान आहे आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याला खेळ वाटतो. दोन्ही हात वर करून मोठे दिसा, दोरीचं टोक तुमच्या आणि त्याच्या खांद्याच्या मध्ये जोराने फिरवा, आवाज करा, आणि तिरकं बाजूला सरका. त्याने खांदा वळवला की त्याच क्षणी सगळं थांबवा.

मग विचार करा की ते आलं का. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. एक, लहानपणी हाताने खाऊ भरवून वाढवलेलं असतं आणि माणसाचं अंतर ही गोष्टच त्याला ठाऊक नसते. दोन, तुम्ही त्याला कोंडीत पकडलेलं असतं, पुढे भिंत आणि मागे चाबूक. तीन, ते खेळायला बोलावत असतं, जसं दुसऱ्या शिंगराला बोलावेल. आईविना माणसाच्या हातावर वाढलेली शिंगरं यात सगळ्यांत अवघड जातात. कळपात कुणी चावून, ढकलून त्यांना मर्यादा शिकवलेली नसते. अशांना कळपात ठेवणं हा अर्धा उपचार आहे.

पुठ्ठा फिरवून मागे-मागे येत असेल तर हा खेळ नाही, इशारा आहे. निदान दोन घोड्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवा. पुन्हा होत असेल तर एकट्याने काम करू नका.

एका वेळी किती मिनिटं?

तीन वर्षांच्या तट्टासाठी मी असं करतो: दहा मिनिटं दोरीवर दोन्ही दिशांनी चालवणं. मग मोकळं, दहा-बारा मिनिटं, दर दोन मिनिटांनी दिशा बदलून, बहुतेक दुडकी, थोडा कँटर त्याने स्वतःहून केला तर. मग पाच मिनिटं जमिनीवरचं काम आणि शेवटी चालत थंड करणं. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

विश्रांतीत असताना मोठ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि हृदयाचे ठोके २८ ते ४४ असतात. लहान वयात थोडे जास्त. तुमच्या तट्टाचे आकडे सकाळी शांत असताना मोजून लिहून ठेवा. श्वास कुशीची हालचाल पाहून मोजता येतो, ठोके जबड्याच्या हाडाखालच्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून. काम थांबवल्यावर दहा मिनिटांनीही श्वास जोरात चालू असेल तर त्या दिवशी जास्त झालं. उष्ण, दमट हवेत वेळ निम्मा करा.

मोकळं सोडलं की पकडूच देत नाही.

कारण पकडणं म्हणजे मजा संपणं, हे ते शिकलंय. एका धड्यात चार-पाच वेळा पकडा आणि सोडा. खांद्याच्या दिशेने, तिरकं, सावकाश जा; डोक्याकडे थेट नाही. पोचलात की मोरखी बाजूला ठेवून आधी मानेच्या मुळाशी, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. खाजवा आणि तुम्हीच निघून या. ते पाहत राहील. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादं पाऊल तुमच्याकडे टाकेल.

हातात खाण्याची बादली हलवून बोलावणं एखाद्या दिवशी अडचणीत ठीक. रोज केलं तर बादलीशिवाय येणार नाही.

ओठ चाटतंय, तोंड चावल्यासारखं करतंय. म्हणजे ते शरण आलं ना?

असं सर्रास सांगितलं जातं, पण मला ते पटत नाही. ताणात असताना तोंड कोरडं पडतं. ताण उतरू लागला की लाळ परत येते आणि तट्टू ओठ चाटतं, चघळतं. म्हणजे हे खूण आहे की नुकताच ताण होता आणि आता उतरतोय. ते दिसलं तर थांबा, वेळ द्या. पण ते दिसावं म्हणून मुद्दाम पळवत राहणं म्हणजे आधी घाबरवायचं आणि मग भीती उतरल्याचं श्रेय घ्यायचं. धडा चांगला झाला तर बऱ्याचदा ओठ चाटणं दिसतच नाही, कारण ताणच आलेला नसतो.

जमिनीवरचं काम कुठून सुरू करावं?

सुरुवात थांबण्यापासून. लोकांना चालवण्याची घाई असते, पण थांबता न येणारं तट्टू चालवणं म्हणजे त्याच्या मागे फरफटणं.

साडेतीन-चार मीटरचा दोर घ्या. दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नका. जास्तीचा दोर हातात घडी करून धरा, म्हणजे ओढला गेला तर निसटेल. खांद्याच्या बाजूला उभे राहा. दोन पावलं चाला, श्वास सोडत थांबा, ‘थांब’ म्हणा. ते पुढे गेलं तर दोरावर हलका दाब, आणि ज्या क्षणी पाय थांबेल त्या क्षणी दाब शून्य. धडा दाबात नसतो, दाब सुटण्यात असतो. सुटका एक सेकंद उशिरा झाली तर तट्टू वेगळंच काहीतरी शिकतं, बहुधा त्या सेकंदात त्याने मान झटकली असेल तर मान झटकणं.

मग मागे सरणं. नाकाच्या हाडावर मोरखीतून किंचित दाब, एक पाऊल मागे, लगेच सुटका. एकच पाऊल. दहा पावलं मागे ढकलत नेणं ही शिक्षा होते, आणि शिक्षा म्हणून वापरलेली हालचाल पुढे कधीच मोकळेपणी होत नाही.

यानंतर पुठ्ठा बाजूला सरकवणं. कुशीपाशी बोटाने टेकवा, मागचा आतला पाय दुसऱ्या पायापुढून गेला की हात काढा. उधळणाऱ्या तट्टासाठी मला याहून उपयोगी धडा माहीत नाही: मागचे पाय आडवे गेले की पुढे झेपावण्याची ताकद मोडते. बाहेर चालताना काही पाहून ते ताठलं, तर दोर ओढत बसण्यापेक्षा पुठ्ठा सरकवा, दोन-तीन वेळा, आणि मग पुन्हा चाला.

मान खाली घेणं, खांदा दूर करणं, खूर उचलून देणं, जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून चालणं, हे सगळं यावर रचत जायचं. नालबंदासमोर शांत उभं राहणं हाही जमिनीवरच्या कामाचाच भाग आहे. त्याची तालीम नालबंद येण्याच्या दिवशी करू नये. दोन्ही बाजूंनी शिकवा. डावीकडून शिकलेलं उजवीकडून आपोआप येत नाही.

सारखं चावतं, दोर तोंडात धरतं, मान झटकतं.

आधी तोंड तपासून घ्या. दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला पडतात, याच काळात दाढांवरच्या टोप्याही (दुधाच्या दाढांचे उरलेले भाग) निघत असतात, आणि हिरड्या दुखतात. तेच वय लोकांनी ‘हट्टी’ ठरवलेलं असतं.

दात ठीक असतील तर हाताने खाऊ देणं बंद करा, तोंडाशी खेळणं बंद करा. नाकावर फटका मारू नका. शिंगरांचा खेळ असाच असतो, चावा आणि पळ, त्यामुळे ते त्यात आणखी रंगतं. तोंड तुमच्याकडे वळलं की काहीतरी काम द्या, एक पाऊल मागे, पुठ्ठा बाजूला. खाऊ द्यायचाच तर बादलीत.

दोरीवर असताना मागच्या पायांवर उभं राहतं.

दोर सैल सोडा, पण हातातून जाऊ देऊ नका, आणि बाजूला व्हा. खाली ओढलंत तर तोल जाऊन ते मागे उलटं पडू शकतं, आणि तसं पडणं डोक्याला आणि पाठीला फार वाईट. पाय खाली आले की शांतपणे पुठ्ठा सरकवून पुढे चालवा.

तट्टू उभं राहतं ते बहुधा पुढची वाट बंद झाल्यावर. दोर तोंडाशी आखूड धरलाय आणि मागून कुणी हाकलतंय, असं चित्र असतं. म्हणजे ‘चल’ आणि ‘थांब’ एकाच वेळी. दोर लांब द्या, दोनांतली एकच गोष्ट सांगा.

प्लास्टिक, छत्री, फडफडणारं कापड पाहून बुजतं.

लांबून सुरुवात करा, इतक्या लांबून की ते पाहतं पण पळत नाही. तुम्ही ती वस्तू घेऊन त्याच्यापासून दूर चालत जा, तट्टू मागून येऊ द्या. दूर जाणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करताना भीती कुतूहलात बदलते. मान खाली घेऊन हुंगलं की वस्तू बाजूला ठेवून द्या. बांधून ठेवून अंगावर प्लास्टिक फडफडवण्याची पद्धत मी कधी वापरत नाही. त्यात गप्प उभं राहिलेलं तट्टू शांत झालेलं नसतं, सुटकेची आशा सोडलेलं असतं. असं तट्टू पुढे कधीतरी एकदम फुटतं.

दोन तट्टं एकत्र सोडली तर चालतील का?

खेळायला हो, ओळखीची असतील आणि मागच्या खुरांना नाल नसतील तर. शिकवायला नाही. दोघांच्या मध्ये उभे राहू नका.

खुराकाचा अवखळपणाशी संबंध असतो का?

फार मोठा. तट्टं थोडक्या चाऱ्यावर तगणारी असतात. त्यांना मोठ्या घोड्याच्या हिशोबाने दाणा दिला तर एकतर रिंगणात ठिणगी पडल्यासारखी उसळतात, नाहीतर अंगावर चरबी चढून खुरांच्या दाहाचा धोका वाढतो. खूर गरम लागणं, वळताना जपून पाय टाकणं, पुढचे पाय लांब ठेवून मागे रेलणं, ही त्याची लक्षणं. दिसली की काम बंद आणि त्याच दिवशी पशुवैद्य.

मुख्य अन्न चारा. कोरड्या वजनात धरला तर दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झरत असतं, त्यामुळे रिकाम्या पोटी धावायला लावू नका. आधी थोडं गवत खाऊ द्या. आणि दाणा कमी करण्याआधी, दिवसातले किती तास ते बाहेर मोकळं असतं, ते मोजा. मी पाहिलेल्या ‘न आवरणाऱ्या’ तट्टांपैकी बरीच फक्त मोकळीक वाढवल्यावर आवरली.

मोकळं सोडावं की लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) करावं?

दोन्हींची जागा वेगळी. मोकळ्यात तट्टू स्वतः तोल सांभाळायला शिकतं. लंजिंगमध्ये तुमचा इशारा पाळायला. उसळतं तट्टू थेट लंज दोरीला लावू नका. दोरीच्या टोकाशी ते उधळलं तर मानेला हिसका बसतो आणि मागचे पाय बाहेर घसरतात. आधी मोकळं, मग थांबा-चालाचे धडे, मग नाकपट्टीवर कडी असलेली लंजिंगची मोरखी, कॅव्हेसन, आणि २० मीटरचा मोठा गोल.

हे काम मुलं करू शकतात का? तट्टू तर त्यांच्यासाठीच आणलंय.

खरारा करणं, शांत तट्टाला मोठ्या माणसाबरोबर चालवणं, हो. अवखळ तट्टू मोकळं सोडलेल्या रिंगणात मुलांनी आत उभं राहू नये. कुंपणाबाहेर बसून कान, शेपूट, श्वास पाहायला त्यांना सांगा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर टिपतात.

काल छान वागलं, आज सगळं विसरलं. कुठे चुकतंय?

बहुधा कुठेच नाही. वारा सुटला असेल, शेजारचा घोडा बाहेर गेला असेल, माजावर आलेली घोडी असेल, रात्री पुरेशी झोप झाली नसेल. आजच्या तट्टाला आजचा धडा द्या. कालच्या पाचव्या पायरीवर नसेल तर दुसऱ्या पायरीवर जा, तिथे दोन गोष्टी नीट करून घ्या आणि दोर काढा. माझी एक सवय आहे: रिंगणात शिरण्याआधी फाटकाशी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. तट्टाने एकदाही माझ्याकडे कान वळवला नाही, तर त्या दिवशी आम्ही फक्त फिरायला जातो.